घर नंबर दोनशे एकोणीस

शेळके बाई गेल्याचं मला फोनवर कळलं, तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की आता चित्रगुप्ताची काही धडगत नाही. बाई त्याच्या वहीतला कोरा रकाना बघून तिथंच हटून बसल्या असतील, की आधी इथं माझ्या शाळेतल्या पोराचं नाव चढव, मग माझं काय ते बघ. दुसरा विचार मात्र हसण्यासारखा नव्हता. बाई पुण्यात वारल्या, मुलाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. ज्या गावात त्यांनी सगळी नोकरी काढली, तिथून त्यांच्या मातीला एक माणूस गेला नाही. कुणाला वेळेवर कळवलंच नव्हतं.

गाव तिसगावहून आत, डोंगराच्या पायथ्याला. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले तेव्हा बाई मुख्याध्यापिका होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नियुक्तीच्या पत्राकडे न बघता पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या चपला गायरानात चालायच्या न्हाईत. कुठल्या तुमी?" मी पारनेर म्हटलं. तेव्हापासून ती शाळा सोडेपर्यंत मी त्यांची 'पारनेरकर' होते. माझं नाव त्यांनी हजेरीपटाबाहेर कधी उच्चारलं नाही.

बाई प्रेमळ नव्हत्या. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण असल्या आठवणींतल्या सगळ्याच बाई प्रेमळ निघतात. ह्या ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाजानं खणखणीत. मनगटावर वारलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ, साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये शाळेचा शिक्का. शिक्का घरी न्यायचा नसतो, असं मी एकदा दबकत सुचवलं, तर म्हणाल्या, "पोरगं रस्त्यात भेटलं तर रस्त्यातच दाखला द्यावा लागतो." शनिवारी शाळा सुटली की आपल्या ओट्यावर पोरींना ओळीनं बसवून त्या फणीनं उवा काढायच्या आणि काढताना त्यांच्या आयांचा उद्धार करायच्या. कुणी 'बिचारी पोरं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा मी म्हटलं, तर त्यांनी मला सगळ्या वर्गासमोर विचारलं, की बिचारी कशाची, तुझ्यापेक्षा जास्त गावं बघितलीत त्यांनी.

ते खरंच होतं. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे गायरान होतं, म्हणजे गावच्या जनावरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. तिथं बावीस छपरं होती. पत्रे, पाचट आणि कुणाकुणाच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. फ्लेक्सवरचा पुढारी एका छपरात उलटा हसायचा, दुसऱ्यात आडवा. या माणसांना ना शेत, ना गावठाणात जागा. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जायची, पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात पाचटाची कोपी घालून राहायची, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची, ती या छपरांकडे. परत आल्यावर छप्पर जागेवर असेल की नाही, ही त्यांची वर्षभराची काळजी. पत्रे तर हमखास गेलेले असत.

दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक ओढ्याच्या अलीकडे लागे. आणि बाई हजेरीपट घेऊन ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी उभ्या. वर बोचकी, शेळ्या, म्हाताऱ्या, पोरं. बाई पट वाचत आणि पोरं उतरवून घेत. आई रडायची, की इथं कुणापाशी ठेवू? बाई म्हणत, माझ्यापाशी. बस्स, एवढंच संभाषण. नवऱ्याच्या फंडातून बांधलेलं त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर थंडीत पोरांनी भरून जायचं. बाईंनी आपली खाट स्वयंपाकघरात नेली होती. पोरांनी पोट भरून खाल्लं का, असं त्या विचारत नसत. पाढे झाले का, असं विचारत.

त्याच ट्रकमधून त्यांनी कधीकाळी तिसरीतल्या संगीताला उतरवलं होतं. संगीता सातवीपर्यंत पहिली आली. पुढं कुणी न विचारता तिचं लग्न झालं आणि कोयता घेऊन ती पुन्हा त्याच ट्रकमध्ये चढली. बाईंनी तिच्याशी दोन वर्षं अबोला धरला. नवरा गेला आणि संगीता दोन पोरी घेऊन गायरानातल्या छपरात परत आली, तेव्हा बाई तिच्याकडे गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, की थोरलीला सोमवारी शाळेत पाठव. थोरली म्हणजे कोमल. माझ्याच वर्गात होती. आईसारखीच अक्षराला वळणदार आणि बोलायला फटकळ.

एका वर्षी केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी पाचवीच्या मुलांना 'माझे घर' हा निबंध लिहायला दिला. मी मनातून चरकले, पण त्यांना कोण सांगणार? वह्या तपासताना त्यांचा चेहरा बदलत गेला. गायरानातल्या सगळ्या मुलांनी एकच घर लिहिलं होतं. समोर ओटा, ओट्यावर तुळस, आत निळी भिंत, तिच्यावर बंद पडलेलं घड्याळ. केंद्रप्रमुखांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की कॉपी होत असताना तुम्ही काय करत होता? मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "कॉपी न्हाई साहेब. ऱ्हातात ती माझ्याकडं." आणि मग त्या इतक्या खूष झाल्या, की साहेबांना स्वतःच्या पैशानं भेळ खाऊ घातली. बाईंना मी एवढं खूष क्वचित बघितलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझाही त्यात हात आहे, म्हणून मी ती लांबवत होते.

मुलांचं आधार कार्ड काढायला शाळेत शिबिर लागलं. आधार नाही तर शिष्यवृत्ती नाही, बँकेत खातं नाही, पुढं दहावीचा फॉर्म भरतानासुद्धा अडतं. आणि आधारला पत्ता लागतो. गायरानातल्या छपरांना घर नंबर नव्हता, लाईट बिल नव्हतं. बाईंनी त्याआधी तीन वर्षं ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाला नंबर देता येत नाही, हे एकच उत्तर. मशीन आणलेला पोरगा घाईत होता, रांग अंगणाबाहेर गेली होती. मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याचा पत्त्याचा दाखला चालेल, असं तो म्हणाला. बाईंनी माझ्यापुढं कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा ठेवला. म्हणाल्या, "लिही पारनेरकर. मुक्काम पोस्ट आपलं गाव. घर नंबर दोनशे एकोणीस."

दोनशे एकोणीस म्हणजे बाईंचं घर. मी विचारलं, सगळ्यांना? त्या म्हणाल्या, सगळ्यांना. पोरांना आणि आईबापांनाही. आईबाप शाई लावून अंगठे उठवत होते, बाई शिक्का मारत होत्या, मी लिहीत होते. अक्षर माझं चांगलं, म्हणून हे काम माझ्याकडे. त्या दिवशी मला आपण फार मोठं पुण्य करतो आहोत असं वाटलं, ते आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

एका कागदावरून दुसरा कागद निघतो. आधारवरून बँकेची पासबुकं आली, पासबुकावरून रेशनकार्डं, मग मतदार यादी. टपालवाला बाईंच्या ओट्यावर पाकिटांची थप्पी ठेवायचा आणि विचारायचा, की बाई, तुमच्या घराला मजले किती? गावात लोक दोनशे एकोणीसला धर्मशाळा म्हणू लागले. बाईंना ते चालायचं. आपण बावीस कुटुंबांना पत्ता मिळवून दिला, याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

बाई निवृत्त झाल्या, तरी फणी, ट्रक आणि पर्समधली कागदपत्रं सुटली नाहीत. फक्त शाळेचा कारभार आणि शिक्का माझ्याकडे आला. आणि एका उन्हाळ्यात, माणसं तोडीवरून नुकतीच परतलेली असताना, गायरानात नोटिसा आल्या. चिकटवायला दारं नव्हती, म्हणून शिपायानं त्या बाभळींना चिकटवल्या. गायरान मोकळं करायचं होतं. ग्रामसेवक नवा होता, भला पोरगा. त्यानं ओट्यावर येऊन सांगितलं, की घाबरू नका, यात एक वाट आहे. जे कुटुंब ठरलेल्या सालाच्या आधीपासून त्याच जागेवर राहतं आणि ज्याचं दुसरीकडे कुठंही पक्कं घर नाही, त्याची जागा नावावर होऊ शकते. वर घरकुलही मिळेल. फक्त कागद दाखवावे लागतील.

बाईंनी मांडीवर हात मारला. म्हणाल्या, एवढंच ना? कागदाला काय तोटा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं आपापल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन ओट्यावर आली. बाई एकेक कागद घेत, मला वाचायला देत आणि कुटुंबाप्रमाणे गठ्ठे लावत. चौथ्या कागदालाच माझ्या ते लक्षात आलं. पण वाचत राहिले. दोनशे एकोणीस. दोनशे एकोणीस. बाईंचे हात गठ्ठे बांधतच होते. नवव्या की दहाव्या कुटुंबाला त्यांच्या हातातली दोरी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. सरकारच्या एकूणएक कागदावर ही माणसं गायरानात राहत नव्हती. ती दोनशे एकोणीसमध्ये राहत होती, आणि दोनशे एकोणीसला स्लॅब होता. बाईंनी चष्मा काढला आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. लोक विचारत राहिले, की झालं का काम?

ग्रामसेवकानं यादी बघून तेच सांगितलं. त्या संध्याकाळी दगडूतात्या बाईंच्या दारात आला. गायरानातलं सगळ्यात जुनं छप्पर त्याचं, माणूस साठीचा. तो एरवी बाईंपुढं डोकीवरची टोपी काढून उभा राहायचा. त्या दिवशी टोपी डोक्यावरच होती. तो म्हणाला, "बाई, पाऊस-वारा, पुढारी, कुनीबी आमाला इथनं हालवलं न्हाई. तुमच्या एका शिक्क्यानं हालवलं." बाईंनी ऐकून घेतलं. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेल्या बाईंनी उंबऱ्यात उभं राहून ते ऐकून घेतलं, आणि तो गेल्यावर दार लावलं. मी आत होते. मला त्यांनी पाणीही मागितलं नाही.

पुढचे आठ दिवस त्यांनी एकच काम केलं. स्वतःच्या हातानं जबाब लिहिला. सगळ्या कुटुंबांचा पत्ता मी जाणूनबुजून खोटा दिला, ही माणसं कधीच माझ्या घरात राहिली नाहीत, ती पहिल्यापासून गायरानातच आहेत, दोष सर्वस्वी माझा. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी म्हटलं, बाई, अक्षर माझं आहे. त्या म्हणाल्या, अक्षराला कोण विचारतं, सही बघतात.

सुनावणी शाळेतच झाली, पाचवीच्या वर्गात. मोठी माणसं बाकांत गुडघे दुमडून बसली होती. अधिकारी तिऱ्हाईत, पण वाईट नव्हता. त्यानं जबाब दोनदा वाचला, घडी घातली आणि बाईंपुढं परत सरकवला. म्हणाला, "बाई, हा कागद मी अजून घेतलेला नाही. घेतला तर मला गुन्हा नोंदवावा लागेल."

"नोंदवा," बाई म्हणाल्या. "माझ्यावर."

तो म्हणाला, एकट्या तुमच्यावर कसा होईल? फॉर्मवर अंगठे त्यांचेही आहेत. आणि तुमची पेन्शन अडकेल, या वयात कोर्टाच्या फेऱ्या होतील, त्याचा विचार करा. बाई म्हणाल्या, केला. त्यांनी कागद पुन्हा त्याच्याकडे सरकवला. त्यावरचा हात त्यांनी मागं घेतला नाही. वर्गात कुणीतरी खोकलं. अधिकाऱ्यानं कपाळ चोळलं आणि यादीतलं पहिलं नाव पुकारलं. ते संगीताचं होतं.

संगीता उठली. पदर डोक्यावर घेतला. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही राहता कुठं?

तिनं बाईंकडे बघितलं नाही. "दोनशे एकोनीसला," ती म्हणाली. "बाईंच्या घरात. पयल्यापासनं."

बाई जागेवरून उठल्या. "संगे, खरं सांग."

"खरंच सांगती," संगीता म्हणाली. "गायरानात आमी निस्त्या शेळ्या बांधतो, साहेब."

अधिकाऱ्यानं पेन थांबवून तिला विचारलं, की याचा अर्थ कळतो का? जागा मिळणार नाही, घरकुल नाही. कळतो, ती म्हणाली. शिकलेली हाय मी. मग तिनं सही केली. अंगठा नाही, सही. त्यानंतर नाव पुकारलं की एकेक माणूस उठायचं आणि तेच सांगायचं. ते खरं धरलं, की बाईंचा दाखलाही खरा ठरत होता आणि गुन्हा उरत नव्हता. दगडूतात्याला वेळ लागला. तो बाकाची कडा धरून उभा राहिला. मग म्हणाला, "बाईंच्यातच ऱ्हातो," आणि शाईच्या डबीकडे हात केला. काहींनी गुन्ह्याच्या भीतीनं म्हटलं असेल, मी ते नाकारत नाही. गरिबाला पोलिसांची भीती खरी असते. पण संगीताच्या डोळ्यांत मला भीती दिसली नाही. आपण काय सोडतोय ते तिला पुरतं कळत होतं, आणि ते सोडताना ती सहावीत धडा वाचायला उभी राहायची तशी ताठ उभी होती, असं बाई नंतर मला म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी तिचं मनगट धरलं. एवढ्या संतापलेल्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या. खोटं का बोललीस, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पोरींच्या डोक्यावरचं छप्पर घालवलंस. संगीतानं मनगट सोडवून घेतलं नाही. शांतपणे म्हणाली, "तुमीच लिवलं हुतं की, बाई. मी निस्तं वाचून दावलं." मग बाई रडल्या. तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी, तोंडाला पदरसुद्धा न लावता.

त्यापुढचं आधीच सांगून टाकते. छपरं निघाल्यावर सहा कुटुंबं खरोखरच बाईंच्या घरात येऊन राहिली. महिन्याच्या आत मुलगा पुण्याहून आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की बावीस कुटुंबांच्या रेशनकार्डांवर तुझ्या घराचा नंबर आहे, उद्या हक्क सांगतील. तो दुष्ट नव्हता, घाबरला होता. घर त्याच्याही नावावर होतं. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि आईला गाडीत घालून नेलं. दगडूतात्या लेकीच्या दारी गेला. काही जण वीटभट्टीवर गेले. संगीता पोरींना घेऊन शेवगावकडे गेली असं ऐकलं. कोमलचा दाखला न्यायला ती शाळेत आली नाही, आणि दाखला मागणारी चिठ्ठी दुसऱ्या कुठल्या शाळेतूनही आली नाही. छपरं निघाली त्याच आठवड्यात माझी बदली झाली होती. हे सगळं मला इतरांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते छपरं काढली त्या दिवशी. वैशाखाचं ऊन होतं. पोलिसांची एक गाडी, एक जेसीबी, चार कर्मचारी. भांडण, आरडाओरडा काही झालं नाही. कागदावर तिथं कुणी राहतच नव्हतं, तर भांडणार कोण? माणसांनी पहाटेच सामान ओढ्याच्या गावाकडच्या काठावर नेलं होतं. जेसीबी चालवणारा माणूस गावातलाच, बाईंच्या हाताखाली शिकलेला, आता केस पिकलेला. त्यानं मशीन पहिल्या छपरापाशी आणून बंद केलं आणि खाली उतरला. बाईंपाशी येऊन म्हणाला, "मागं एकीकडं आत बाळ झोपलेलं निघालं हुतं, बाई. तवापास्नं मला धीर हुत न्हाई. तुमी बघून या. तुमी 'कुनी न्हाई' म्हनला तरच मी हात लावीन."

बाई गेल्या. एकेका छपरात वाकून शिरायच्या, बाहेर यायच्या, पुढच्यात शिरायच्या. दगडूतात्याच्या छपरातून त्या पिठाचा एक रिकामा डबा घेऊन आल्या आणि बाभळीखाली ठेवला. संगीताच्या छपरात शिरल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पोलीस घड्याळ बघू लागला. मला वाटलं, आता बाई आत बसून राहतील. बसाव्यात, असं मला वाटत होतं. निदान एका छपरात तरी कुणीतरी राहतंय असं त्या दिवशी कुणीतरी म्हणावं, यासाठी माझा जीव तुटत होता, आणि मी स्वतः मात्र जागची हलले नाही. बाई बाहेर आल्या. गुडघ्यावरची माती झटकली. उरलेली छपरं बघितली, बावीसच्या बावीस, आणि चालत जेसीबीपाशी परत आल्या.

"कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "इथं कुनी ऱ्हात न्हाई. कर चालू."

ओढ्याच्या त्या काठावर आपापल्या बोचक्यांवर बसलेली सगळी माणसं ते ऐकत होती. कोमलही ऐकत होती.